टाचेची उंची, पायाचे माप

उंच टाचेचा जोडा पहिल्यांदा पुरुषांच्या पायात आला, आणि तोही चालण्यासाठी नव्हे. इराणातले घोडेस्वार रिकिबीत उभे राहून बाण सोडत. त्या वेळी पाऊल रिकिबीतून पुढे सरकू नये म्हणून त्यांच्या जोड्याला मागे टाच असे. ती रिकिबीला अडकून राही आणि स्वाराचा तोल सांभाळी. कॅनडातल्या टोरोंटो शहरात पादत्राणांचे एक मोठे संग्रहालय आहे, बाटा शू म्युझियम. तिथल्या अभ्यासक एलिझाबेथ सेमेलहॅक यांनी टाचेचा हा माग काढला आहे. १५९९ साली इराणच्या शाह अब्बासने युरोपातल्या दरबारांकडे वकिलात पाठवली. इराणी वस्तूंचे तिकडे कौतुक झाले आणि स्वाराची टाच युरोपातल्या सरदारांनी उचलली.

मराठीतही टाचेचे घोड्याशी नाते आहे. आपण ‘टाच मारतो’ ती घोड्याला. रिकीब, लगाम, जीन, पागा हे शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने आले. घोडा आणि त्याचे सामान दख्खनमध्ये इतके रुजले की नगरच्या निजामशाहीपासून पेशवाईपर्यंतचा इतिहास घोड्याच्या पाठीवरच घडला. उंच टाच मात्र आपल्या पायात त्या काळी रुजली नाही. तिला यायला आणखी तीनशे वर्षे लागली आणि ती दुसऱ्याच वाटेने आली. ती वाट कोणती, आणि त्या वाटेने येताना आपल्या पायाचे काय झाले, हे या लेखात पाहायचे आहे.

चालायचे नसते त्यांची टाच

युरोपात टाच घोड्यावरून उतरली आणि दरबारात गेली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने लाल टाचांचा जोडा हे दरबारी मानाचे चिन्ह केले. १७०१ साली रिगो या चित्रकाराने काढलेल्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात त्या लाल टाचा आजही दिसतात. व्हेनिसच्या श्रीमंत बायका त्याही आधीपासून ‘चोपीन’ नावाचे उंच ठोकळे पायांत घालत. त्यांतले काही अर्ध्या मीटरइतके उंच होते. ते घालून चालायचे तर दोन्ही बाजूंना आधाराला माणसे लागत. अर्थ उघड होता. हिला कुठे चालत जावे लागत नाही, आणि गेलीच तर धरायला नोकर आहेत.

आपल्याकडच्या खडावाही याच जातीच्या. लाकडी तळ, पुढे खुंटी, ती अंगठा आणि शेजारच्या बोटात पकडायची. चिखल, धूळ आणि चामड्याचा विटाळ या तिन्हींपासून पाऊल वर राही. पण खडावा घालून कोणी नांगर धरला नाही की बाजारचा रस्ता तुडवला नाही. घरातून देवघरात, मठातून नदीवर, एवढीच त्यांची मजल. जगात कुठेही पाहा, पादत्राणाची उंची वाढते तसे त्याच्याने चालायचे अंतर कमी होत जाते.

अठराव्या शतकात युरोपातल्या पुरुषांनी टाच सोडली. बायकांच्या पायांतूनही ती काही काळ गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात परत आली. पायाला काय होते याचा शास्त्रीय विचारही त्याच सुमारास सुरू झाला होता. डच शरीरशास्त्रज्ञ पेत्रुस काम्पर यांनी १७८१ साली चांगला जोडा कसा असावा यावर एक निबंध लिहिला. घोड्याच्या नालावर जेवढा विचार होतो तेवढा माणसाच्या जोड्यावर होत नाही, ही त्यांची तक्रार होती. उंच टाचेने शरीराचा सगळा तोल पुढे ढकलला जातो, हेही त्यांनी दाखवून दिले होते.

उंबऱ्याबाहेरचा जोडा

आपल्याकडे पादत्राणाचा प्रश्न आरोग्याचा कधी नव्हताच. तो मानाचा होता. वहाण कोणी घालायची, कुठे काढायची, कोणाच्या दारावरून ती हातात घेऊन जायचे, हे जातीवरून आणि अधिकारावरून ठरे. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण वहाणेविषयी नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. घरात, देवळात, थोरांपुढे जोडा उतरवायचाच असल्याने आपली बहुतेक पादत्राणे सहज निघणारी असत. मागे उघडी वहाण, टाचेकडून दबणारा जोडा. कडक टाच आणि घट्ट बंदांचा बूट या रीतीत बसत नव्हता.

इंग्रजी अमलात ही रीत उलटी फिरली. १८५४ साली कंपनी सरकारने ठरवले की युरोपीय पद्धतीचे बूट-मोजे घालणाऱ्या हिंदी गृहस्थांना दरबारी प्रसंगी ते काढण्याची गरज नाही. देशी जोडा मात्र उतरवायचा. १८६२ साली सुरतेच्या न्यायालयात मानकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांनी जोडा उतरवायला नकार दिला. सुरत तेव्हा मुंबई इलाख्यात होती आणि ते प्रकरण खूप गाजले. यातून लोकांनी घ्यायचा तो धडा घेतला. टाचेचा बूट पायात असेल तर माणूस बूट न काढता साहेबापुढे उभा राहू शकतो. बुटाची प्रतिष्ठा अशी वाढली. तो पायाला बसतो का, हे कोणी विचारले नाही.

बायकांचा प्रश्न आणखी अवघड होता. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांच्या आणि त्यांच्या चरित्रकार काशीबाई कानिटकर यांच्याविषयी स्त्री-इतिहासाच्या अभ्यासकांनी एक गोष्ट नोंदवली आहे. पायांत बूट आणि हातात छत्री घेऊन त्या रस्त्यावर आल्या म्हणून लोकांनी त्यांना दगड मारले. बूट आणि छत्री ही पुरुषाच्या अधिकाराची चिन्हे होती. पायाला काटा लागू नये एवढ्यासाठी बाईने जोडा घालणे हेही तेव्हा बंड होते.

ही पार्श्वभूमी विसरून आज कोणी ‘मुलींना कशाला हव्या उंच टाचा’ असे म्हणत असेल तर तो इतिहास अर्धाच वाचतो आहे. ज्या समाजात बाईने नुसती वहाण घातली तरी दगड पडत होते, तिथे टाचेचा खट्‌खट् आवाज करत ऑफिसात जाणे ही मोठी मजल होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहरी मध्यमवर्गात काष्ट्याची नऊवारी मागे पडली आणि गोल पाचवारी आली. नऊवारीत पाय मोकळे असत. गोल साडीचा घेर जमिनीला टेकू लागला आणि तो वर राहावा म्हणून टाच उपयोगी पडली. साडी नेसताना आधी सँडल घालायची, मग निऱ्यांची उंची ठरवायची, ही रीत तेव्हाच पडली. साडी आणि टाच एकमेकींच्या मापाने वाढल्या.

माप आणि नंबर

माझ्या मते खरा बदल टाचेत झाला नाही. तो मापात झाला.

बलुतेदारीत गावच्या चांभाराकडे गावकीतल्या सगळ्यांचे पाय असत. कातड्यावर पाऊल ठेवायचे, तो रापीच्या टोकाने भोवती रेघ ओढायचा, अंगठ्याची जागा हेरायचा. कोणाचा चवडा रुंद, कोणाला कुरूप, कोणाची टाच भेगांनी फाटलेली, हे त्याला पाठ असे. ज्याने गावातल्या प्रत्येकाच्या पायाचे माप घेतले त्याला गावाने वेशीबाहेर ठेवले. हा अन्याय सांगितल्याशिवाय मराठी पादत्राणाचा इतिहास सांगता येत नाही. त्याच्या कारागिरीची दखलही फार उशिरा घेतली गेली. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सोलापूर, सातारा आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. २०२५च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलान शहरातल्या फॅशन शोमध्ये तीच घडण प्राडा कंपनीच्या नावाने झळकली. आरडाओरडा झाल्यावर त्या कंपनीला मूळ कारागिरांचे ऋण मान्य करावे लागले.

बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याची ही चप्पल जवळजवळ सपाट असते. चवड्याला ती मोकळे सोडते. पहिले काही दिवस ती चावते, मग पायाचा आकार घेते. तिचा तळ कडक असतो, त्याला मऊपणा नसतो, हा दोषही खरा. पण पायाला ती आपल्या आकारात कोंबत नाही.

१९३१ साली बाटा कंपनीने हिंदुस्थानात व्यवसाय सुरू केला आणि कलकत्त्याजवळ बाटानगर उभे राहिले. तयार जोडा स्वस्त झाला, टिकाऊ झाला, जात न विचारता कोणालाही मिळू लागला. हे मोठे काम होते. पण तयार जोडा येताना माप गेले आणि नंबर आला. नंबर फक्त लांबी सांगतो. जोडा ज्या फर्म्यावर ओढून शिवतात तो फर्मा बहुतेक वेळा युरोपीय पायाच्या घडणीचा, पुढे निमुळता. लहानपणापासून अनवाणी वा वहाणेत वाढलेल्या पायाची बोटे पसरलेली असतात, चवडा रुंद असतो. तो पाय निमुळत्या फर्म्यात गेला की एक तर नंबर वाढवावा लागतो, मग टाच निसटते. नाही तर बोटे दाबून घ्यावी लागतात.

हे नुसते अनुमान नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. भारतीय पाऊल युरोपीय पावलापेक्षा रुंद असते, असा त्यातला मुख्य निष्कर्ष आहे. मुलींच्या पायाची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत वेगाने होते, हेही त्यात दिसले. त्यावरून भारतीय मापांची ‘भा’ ही नवी पद्धत सुचवली गेली.

शरीर काय सांगते

सपाट उभे राहिल्यावर शरीराचे निम्म्याहून अधिक वजन टाचेवर असते. टाच वर उचलली की ते चवड्याकडे सरकते. टाच जितकी उंच तितका चवड्यावरचा दाब वाढतो, हे मोजमापांत पुनःपुन्हा दिसले आहे. तीन इंची टाचेने तो सपाट जोड्याच्या पाऊणपटीने वाढल्याचे १९९०च्या दशकातल्या मोजणीत आढळले. पुढे निमुळता भाग असेल तर उतारावरून घसरल्यासारखी बोटे त्यात जाऊन रुततात. अंगठा आत वळतो, त्याच्या मुळाशी गाठ येते, बोटांवर कुरुपे होतात.

हाँगकाँगमध्ये १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जोडे घालणाऱ्या आणि न घालणाऱ्या चिनी लोकांच्या पायांची तुलना केली होती. अंगठा आत वळण्याचे प्रमाण जोडे घालणाऱ्यांत ३३ टक्के आणि न घालणाऱ्यांत दोन टक्क्यांहूनही कमी होते. जन्माने दोघांचे पाय सारखेच. आपल्या शेजारच्या कर्नाटकातले काम त्याहून महत्त्वाचे आहे. राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले आणि १९९२ साली निष्कर्ष मांडले. पाऊल सपाट राहण्याचे, म्हणजे त्याची कमान न येण्याचे प्रमाण जोडे घालणाऱ्या मुलांत ८.६ टक्के, तर अनवाणी मुलांत २.८ टक्के होते. बंद बुटांत ते सर्वाधिक, सँडल-चपलांत कमी. शाळेत पहिलीपासून बंद काळ्या बुटांची सक्ती करणाऱ्यांनी हे आकडे पाहायला हवेत.

टाचेचा परिणाम पावलापुरता राहत नाही. घोट्यातल्या हाडाचा पुढचा भाग रुंद आणि मागचा अरुंद असतो. पाऊल सपाट असताना रुंद भाग खाचेत घट्ट बसतो. टाच वर गेली की अरुंद भाग खाचेत येतो, सांधा सैल पडतो आणि पाय मुरगळतो. पोटरीचा स्नायू कायम आखडलेला राहतो. आठवड्यातून पाच दिवस, दोन वर्षांहून अधिक काळ पाच सेंटिमीटरपेक्षा उंच टाच घालणाऱ्या बायकांची २०१० साली तपासणी झाली. त्यांच्या पोटरीचे स्नायूतंतू आखूड आणि टाचेमागची शीर जाड व ताठर झालेली आढळली. अशा बायकांना चप्पल काढून सपाट चालले की दुखते आणि त्यांना वाटते, आपल्याला टाचच मानवते. सवय दुखण्याला असे झाकून टाकते.

गुडघ्यांवरही भार वाढतो. अमेरिकेतल्या डॉ. केरिगन यांच्या १९९८च्या अभ्यासात उंच टाचेने गुडघ्याच्या सांध्यावरचा ताण सुमारे २३ टक्क्यांनी वाढलेला दिसला. २००१ साली त्यांनी रुंद टाचेचीही मोजणी केली. अणकुचीदार टाचेपेक्षा रुंद टाच सुरक्षित, हा समज गुडघ्यापुरता तरी टिकला नाही. एक गोष्ट मात्र जपून सांगायला हवी. ताण वाढतो म्हणजे प्रत्येकीचा गुडघा झिजेलच असे नाही. कमरेचा बाक वाढतो असेही सर्रास छापले जाते; प्रत्यक्ष मोजणाऱ्यांत त्यावर एकमत नाही. भीती घालून आरोग्य सुधारत नाही.

१९५०च्या दशकात टाचेत पोलादी कांब बसवण्याची युक्ती निघाली आणि पेन्सिलीसारखी टाच शक्य झाली. तिचे गणित सोपे आहे. ५० किलोची बाई क्षणभर एका चौरस सेंटिमीटरच्या टाचेवर उभी राहिली, तर तिथे दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोचा भार पडतो. चार पायांवर उभ्या हत्तीचा भार दर चौरस सेंटिमीटरला किलोभराच्या आसपास भरेल. आमच्या कर्जत तालुक्यातल्या काळ्या रानात पाऊस पडल्यावर ही टाच किती खोल जाईल, ते सांगायला नको.

अनवाणी पायाचे कौतुक किती?

अनवाणी पाऊल निरोगी, हे वाचून आपल्या जुन्या राहणीचा अभिमान वाटू लागतो. तो आवरता घेतलेला बरा. खुरपायला, ऊस तोडायला, पाणी वाहायला गेलेल्या बायकांनी हौसेने वहाण सोडली नव्हती. ती त्यांना मिळत नव्हती. त्यांच्या बोटांना टाचेचे विकार नव्हते, पण टाचांना रक्त येईल अशा भेगा होत्या, काटे होते, साप-विंचवाची भीती होती, अनवाणी पायातून शिरणारे हूकवर्म होते.

पायाच्या दुखण्याविषयी आपण सर्वांत जास्त शिकलो ते कुष्ठरोग्यांकडून. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांच्या लक्षात आले की त्यांच्या पायाच्या जखमा रोगाने थेट होत नाहीत. संवेदना गेल्यामुळे दाब कळत नाही, माणूस त्याच जागेवर चालत राहतो आणि पाऊल झिजते. मग दाब वाटून घेणाऱ्या मऊ रबरी तळाच्या चपला तयार झाल्या. आज मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्यांनाही तोच उपाय सांगतात. दुखणे ही पायाची राखण आहे. फॅशनसाठी किंवा नोकरीसाठी ती रोज गप्प केली, तर पाय राखणीविना राहतो.

त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी नगरहून मिरजगाव, करमाळा करत पंढरपूरला जाते. हजारो पावले आमच्या रस्त्यावरून जातात. कोणी अनवाणी, कोणी टायरच्या तळाच्या चपलेत, अलीकडे बरेचसे कापडी बुटांत. त्यात उंच टाच शोधून सापडणार नाही. तीनशेहून अधिक किलोमीटर चालायचे असेल तेव्हा कोणालाही शिकवावे लागत नाही.

उभे राहण्याची नोकरी

आता प्रश्न आमच्या मुलींचा आहे. मिरजगाव-कर्जतच्या मुली पुण्याला जातात, हॉटेलात, विमानतळावर, मॉलमधल्या काउंटरवर नोकरी धरतात. दहा-दहा तास उभे राहायचे, पायात ठरवून दिलेला टाचेचा बंद जोडा. लहानपणापासून मोकळा वाढलेला रुंद पाय निमुळत्या फर्म्यात जातो, तोही स्वतःच्या मर्जीने नव्हे. घोडेस्वाराची टाच त्याच्या कामाची होती, व्हेनिसच्या बाईची तिच्या ऐटीची. काउंटरवरच्या मुलीची टाच ना तिच्या कामाची, ना तिच्या ऐटीची. ती दुकानाच्या दिखाव्याची आहे.

जगात यावर आवाज उठला आहे. २०१५च्या डिसेंबरमध्ये लंडनमध्ये निकोला थॉर्प यांना सपाट जोड्यामुळे पहिल्याच दिवशी कामावरून घरी पाठवले. त्यांच्या अर्जावर दीड लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि पार्लमेंटात चर्चा झाली. २०१७ साली फिलिपिन्सने नोकरीत उंच टाचेची सक्ती करायला बंदी घातली. २०१९ साली जपानमध्ये युमी इशिकावा यांनी अशीच चळवळ उभी केली. आपल्याकडे केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली दुकानांतल्या कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. महाराष्ट्रातल्या काउंटरवरच्या मुलीला बसायला स्टूल आणि पायाला बसेल असा जोडा, या दोन्ही मागण्या एकत्रच व्हायला हव्यात.

हौसेने टाच घालणाऱ्या मुलीला कोणी अडवू नये. लग्नात, समारंभात, चार तास, जरूर घालावी. रोज घालायची असेल तर उंची पाच सेंटिमीटरच्या आत ठेवावी, एक दिवसाआड सपाट चप्पल घालावी, रात्री भिंतीला हात टेकून पोटरी ताणावी. जोडा घ्यायला संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाऊल फुगते. आणि दुकानात जाण्याआधी कोऱ्या कागदावर उभे राहून दोन्ही पावलांभोवती रेघ ओढून घ्यावी. घ्यायचा जोडा त्या कागदावर ठेवून पाहावा. रेघ जोड्याबाहेर दिसली तर तो कितीही सुंदर असो, खाली ठेवावा. गावच्या चांभाराने रापीच्या टोकाने हेच केले होते.